जिन्याखालची पेटी आणि मुंबईच्या टेलिफोन कंपनीची गोष्ट

चाळकरीण:

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीला रंग लागला. जिन्याखाली भिंतीवर टेलिफोनची लोखंडी पेटी होती, ती रंगाऱ्यांनी उचकटून भंगारात टाकली. आता सगळ्यांकडे फायबर आहे, पेटीतून कुणाच्याच घरी काही जात नव्हतं. तरी मला राहवलं नाही. उचलून घरी आणली, पुसली आणि उघडली. आत पितळी स्क्रूंच्या दोन उभ्या रांगा, एकूण २० जोड्या. तारांची टोकं अजून पिळून बसवलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आकडे आहेत, काही जोड्यांसमोर फुली आहे आणि एका ठिकाणी "७ → ९" असा बाण काढलाय. कुणाला अर्थ लागला तर जरूर सांगा.

माझी आई मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे कॉल जोडतात तिथे, ऑपरेटर होती. १९७१ साली लागली, निवृत्त होईपर्यंत तिथेच. पेटी पाहून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आमच्या खात्याचं कुणी नीट लिहून ठेवलं नाही गं." म्हणून हा धागा.

सुरुवात फार जुनी आहे. बेलने टेलिफोनचं पेटंट घेतलं १८७६ मध्ये. चारच वर्षांत दोन इंग्रजी कंपन्या हिंदुस्थान सरकारकडे परवानगी मागायला आल्या, आणि टेलिफोन ही सरकारची मक्तेदारी आहे असं सांगून त्यांना परत पाठवण्यात आलं. पुढच्याच वर्षी सरकारचं मत बदललं. १८८१ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीला कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि अहमदाबाद इथे एक्स्चेंज काढायचा परवाना मिळाला. २८ जानेवारी १८८२ रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले मेजर बेअरिंग यांनी सेवा सुरू झाल्याचं जाहीर केलं. पुढे इजिप्तमध्ये लॉर्ड क्रोमर म्हणून गाजले ते हेच. कलकत्त्याच्या एक्स्चेंजला तेव्हा ९३ ग्राहक होते, त्यावरून एकूण पसारा किती लहान होता ते कळेल. मुंबईत ही सेवा बॉम्बे टेलिफोन कंपनीच्या नावाने चालू लागली. ग्राहक म्हणजे पेढ्या, गिरण्यांची ऑफिसं, बँका, बंदरावरचे व्यापारी आणि साहेब लोक.

म्हणजे मुंबईचा टेलिफोन जन्मला तो खाजगी कंपनीचा आणि पुढची ६० वर्षं खाजगीच राहिला. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, सरकारने मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या कंपन्या ताब्यात घेतल्या. तेव्हापासून ते झालं 'बॉम्बे टेलिफोन्स', डाक-तार खात्याचा एक भाग. आईच्या पिढीने 'खातं' हाच शब्द वापरला. पुढे १९८५ मध्ये डाक आणि दूरसंचार वेगळे झाले, आणि १ एप्रिल १९८६ पासून मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांसाठी महानगर टेलिफोन निगम काम करू लागलं. आई १९८६ नंतरही "खात्यातच आहे" असंच सांगायची.

तिचं काम कसं असे ते तिच्याच तोंडून लिहितेय. समोर उभा बोर्ड, त्यात शेकडो भोकं, पुढ्यात वजनांनी ताणलेल्या दोऱ्या. त्यांना कॉर्ड म्हणत. डोक्याला हेडसेट. ग्राहक १८० फिरवून कॉल बुक करायचा. कुठून, कुठे, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग (सगळ्यात तातडीचा), हे सगळं एका छोट्या तिकिटावर लिहायचं. लाइटनिंगला ऑर्डिनरीच्या आठपट पैसे पडत, त्यामुळे तो मागणारा माणूस बहुतेक वेळा कुणाच्या तरी मरणाची बातमी कळवत असे. हे आईने अगदी सहज सांगितलं, आणि मी लिहायची थांबले. पलीकडच्या गावाची लाइन मिळाली की एक कॉर्ड तिकडे, दुसरी इकडे, आणि घड्याळाकडे नजर. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचं, "थ्री मिनिट्स ओव्हर, एक्स्टेंड करू का?" पलीकडे कुणी रडत असलं तरी विचारावंच लागे. "तेवढं एक वाक्य मला कधी जमलं नाही," आई म्हणते. "मी दहा-पंधरा सेकंद थांबायची."

इथे कुणी खात्यात काम केलेलं असेल तर जरूर लिहा. आई रोज संध्याकाळी विचारणार आहे, मी वाचून दाखवणार आहे.

मालवणी माणूस:

ताई, धागा वाचून अंगावर काटा आला. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. कदाचित आमच्या घरचा एखादा कॉल त्यांनीच जोडला असेल.

आमचं गाव कुडाळच्या पुढे. गावात फोन एकच, पोस्टात. वडील परळला गिरणीत होते. आजी आजारी पडली की वडील पीपी कॉल लावायचे, म्हणजे ठराविक माणसालाच बोलवायचं. पोस्टमास्तर पोराला धाडत. तो पोर शेताच्या बांधावरून ओरडत यायचा, "मुंबयचो फोन इलोहा!" मग आई असेल तशी, चिखलाच्या हातांनी, पोस्टाकडे पळत सुटायची. पोहोचेपर्यंत लाइन धरून ठेवलेली असायची. तिकडे मुंबईत कोण धरून ठेवतंय, याचा विचार आज पहिल्यांदा मनात आला.

फोनवर सगळे ओरडून बोलत. आजी तर म्हणे, मुंबई एवढी लांब, हळू बोललं तर कसं पोचणार!

सदाशिवपेठी:

उत्तम धागा. पुण्याची एक भर घालतो. टेलिफोन एक्स्चेंज एकमेकांना जोडण्यासाठी ऑप्टिकल फायबर देशात पहिल्यांदा वापरली गेली ती पुण्यात, १९७९ साली, शिवाजीनगर आणि कॅन्टोन्मेंट या दोन एक्स्चेंजच्या मध्ये. आज घराघरात फायबर आलं, म्हणून आठवण करून दिली.

एक प्रश्न. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मुंबईसारख्या पैसेवाल्या शहरातही प्रतीक्षायादी एवढी का वाढायची? नुसतं 'सरकारी काम' हे उत्तर मला पटत नाही.

तारायंत्र:

@सदाशिवपेठी, तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी दूरसंचार शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळ्या देशात मिळून ८० ते ८५ हजार टेलिफोन होते. त्यानंतरच्या योजनांमध्ये धरणं, पोलाद, शेती यांचा नंबर आधी लागला आणि टेलिफोन ही श्रीमंतांची चैन मानली गेली. बंगळुरूला १९४८ मध्ये आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) हा टेलिफोन यंत्रांचा सरकारी कारखाना निघाला खरा, पण जेवढी यंत्रं हवीत तेवढी कधी बनलीच नाहीत. पैसा भरून आधी कनेक्शन मिळवायची ओवायटी योजना असायची, पण यंत्रातच जागा नसेल तर पैसे भरूनही थांबावं लागणारच.

आता यंत्राविषयी. जुनी एक्स्चेंज स्ट्रोजर पद्धतीची होती. आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा, मृतांची अंत्यव्यवस्था पाहणारा माणूस. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते अशी शंका आल्याने त्याने ऑपरेटरच नको असं यंत्र बनवलं आणि १८९१ मध्ये पेटंट मिळवलं. आपण डायल फिरवून सोडली की ती परत येताना लाइन तितक्या वेळा तुटते आणि जुळते. ५ फिरवला की पाच ठोके, ० फिरवला की दहा. एक्स्चेंजमधला सिलेक्टर त्या प्रत्येक ठोक्याला एक पायरी वर चढतो, मग आडवा फिरतो. सगळं लोखंड, पितळ आणि तेल. अशा दालनात उभं राहिलं की सकाळी साडेदहाला, ऑफिसं उघडताना, गारांचा पाऊस पडतोय असा आवाज यायचा. मी विद्यार्थी असताना ते एकदा ऐकलंय, अजून कानात आहे.

आमच्या वाड्यात फोनच्या डायलला बारीक कुलूप असायचं, खर्च वाढू नये म्हणून. पण ठोक्यांचं तत्त्व कळलं की कुलपाचा उपयोग उरत नाही. रिसीव्हरखालची खुंटी त्याच लयीत दाबली की नंबर लागतो. मी भौतिकशास्त्राकडे वळलो तो त्या खुंटीमुळेच.

यानंतर आली क्रॉसबार ही नवी पद्धत. बेल्जियमच्या कंपनीशी १९६४ मध्ये करार होऊन पेंटाकोंटा नावाची एक्स्चेंज घेतली गेली. यंत्र चांगलं होतं, पण ते बनवलं होतं युरोपच्या वापरासाठी. तिकडे घरोघरी फोन, म्हणून एकेका फोनवर कॉल कमी. आपल्याकडे एका फोनवर सगळी चाळ, शेजारचं दुकान, वरच्या मजल्यावरचे पाहुणे. जितके फोन कमी, तितका एकेक फोन जास्त राबणार, आणि जितका तो राबेल तितकं यंत्र गुदमरणार. म्हणजे टंचाईनेच यंत्रणा आजारी पडली. लोक शिव्या देत माणसांना, पण मूळ दुखणं आकडेमोडीतच होतं. १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञानाची ई-१०-बी ही डिजिटल एक्स्चेंज आली, तेव्हा कुठे मुंबईच्या लाइनला मोकळा श्वास घेता आला. १९८४ मध्ये देशी एक्स्चेंज बनवण्यासाठी सी-डॉट हे सरकारी संशोधन केंद्र निघालं, पण त्याचा मोठा उपयोग खेड्यांना झाला. मालवणी माणूस यांच्या गावातही पुढे पोस्टाबाहेर फोन आला असेल तर त्यात सी-डॉटचा हात नक्की असणार.

जॉइंटर ३४ वर्षे:

मी फार शिकलेला नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. केबल जॉइंटर म्हणून ३४ वर्षं नोकरी केली, सगळी मुंबईच्या रस्त्याखाली.

चाळकरीण ताई, तुमच्या पेटीला आम्ही डीपी म्हणतो. एक्स्चेंजमध्ये मोठी चौकट असते ती एमडीएफ, तिथून जाड केबल रस्त्यावरच्या कॅबिनेटपर्यंत, तिथून बारीक केबल डीपीपर्यंत, आणि डीपीतून तुमच्या घरात दोन तारा. फुली म्हणजे खराब जोडी, तिला हात लावायचा नाही. "७ → ९" म्हणजे सात नंबरची जोडी पाण्याने गेली, म्हणून त्या घराची लाइन नऊवर टाकली. पुढच्या माणसाला शोधत बसायला लागू नये म्हणून लिहून ठेवायचं. ज्याने लिहिलं तो काळजीवाला माणूस होता. सगळे लिहीत नसत.

जुन्या केबलमध्ये तारेवर कागद गुंडाळलेला असायचा, वरून शिशाचं आवरण. कागदाचा वैरी पाणी. म्हणून केबलमध्ये कोरडी हवा दाबून भरायची. कुठे भोक पडलं की हवा बाहेर येते, पाणी आत जात नाही, आणि दाब कमी झाल्याचं एक्स्चेंजमध्ये कळतं. पण कुणी कुदळ घातली की हवेचा काय उपयोग? पाणी, गॅस, वीज, गटार, सगळ्यांची खोदाई आमच्याच डोक्यावर. एकदा एका कंत्राटदाराच्या माणसांनी १२०० जोड्यांची केबल कापली आणि वर माती ढकलून निघून गेले. आम्ही खड्ड्यात ताडपत्री लावून तीन दिवस बसलो. एक टोक माझ्याकडे, दुसरं सोबत्याकडे, टोन टाकायचा, कानाला बझर लावायचा आणि जोडी ओळखायची. बाराशे वेळा. हात कागदाच्या मेणाने गुळगुळीत होतात. मधल्या वेळात एखाद्या जोडीवर रिंग आली की ७५ व्होल्टच्या आसपास झटका बसतो, मरत नाही माणूस, पण ओल्या खड्ड्यात बरंच लागतं.

२६ जुलै २००५ ला मी ड्युटीवर होतो. मोबाइल बंद पडले, वीज गेली. पण तांब्याच्या लाइनला तुमच्या घरची वीज लागत नाही, एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट तारेतूनच येतात. जिथे एक्स्चेंजमध्ये पाणी शिरलं नाही तिथले फोन चालू राहिले. आमच्याकडे डिझेल इंजिन पहिल्या मजल्यावर चढवलेलं होतं म्हणून वाचलो. रात्रभर मंडळी छातीभर पाण्यातून डिझेलचे डबे डोक्यावर आणत होती. बाहेर फुटपाथवरच्या पीसीओपुढे रांग. प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "मी ठीक आहे, काळजी करू नका." मला ते अजून आठवतं.

शेअरवाला:

सगळ्यांचे अनुभव मनापासून आवडले. पण एक बाजू राहतेय. १९९५ मध्ये मुंबईत खाजगी मोबाइल आला तेव्हा मिनिटाला १६ रुपयांच्या घरात दर होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. निगमकडे तेव्हा लाखो ग्राहक, नाव, इमारती, केबल, सगळं होतं. तरी त्यांचा डॉल्फिन मोबाइल यायला २००१ उजाडलं. सहा वर्षं गेली. नवरत्न दर्जा १९९७ मध्ये मिळाला, २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात शेअर नोंदले गेले. एवढं बळ असलेली कंपनी ग्राहकाला गृहीत धरत राहिली, असं माझं स्पष्ट मत आहे. जॉइंटर काकांसारखी माणसं अपवाद होती.

चाळकरीण:

@शेअरवाला, तुमचा पहिला मुद्दा मान्य. उशीर झाला, आणि स्पर्धा येईपर्यंत ग्राहकाचं कुणी फार ऐकत नव्हतं. आईसुद्धा हे नाकारत नाही. पण 'अपवाद' हा शब्द मला मान्य नाही, आणि सगळा दोष माणसांवर टाकणं तर मुळीच नाही.

निगम काढताना एक मोठा हेतू होता बाजारातून रोख्यांनी पैसा उभा करण्याचा, आणि त्यातला मोठा वाटा देशभरच्या विस्तारासाठी खात्याकडे गेला. दुभती गाय होती, दूध बाहेर जात होतं. मोबाइलचा परवाना कधी आणि कुठे, हे ठरवणं निगमच्या हातात नव्हतं. नियम असा की फक्त मुंबई आणि दिल्ली. खाजगी कंपन्या देशभर पसरल्या, यांना कुर्ल्याहून कल्याणला जाता येत नव्हतं.

आणि मग २०१०. थ्री-जीच्या लिलावात निगमला बोली लावायची नव्हती, पण खाजगी कंपन्यांनी जी सर्वोच्च बोली लावली तेवढी रक्कम भरायची होती. थ्री-जीसाठी ६,५६४ कोटी, ब्रॉडबँडच्या लहरींसाठी (स्पेक्ट्रमसाठी) ४,५३४ कोटी, मिळून ११ हजार कोटींच्या वर, दोन शहरांसाठी. साठवलेलं सगळं गेलं आणि वर कर्ज झालं. ब्रॉडबँडच्या लहरी पुढे परत केल्या, ते पैसे सरकारने परतही दिले, पण तोवर व्याज चढत राहिलं होतं. जी कंपनी त्या धक्क्याच्या आधी आपल्या पायावर उभी होती, ती व्याज भरायलाच कर्ज काढू लागली. ज्या वर्षी केबल बदलायला पैसा हवा होता त्याच वर्षी तो नव्हता. मग लाइन कशी सुधारणार आणि ग्राहक कसा टिकणार?

डोंबिवलीकरीण:

कुर्ला-कल्याणचा उल्लेख वाचून लिहितेय. आमचा कोड ०२५१, मुंबईचा ०२२. नवरा सीएसटीला नोकरीला, रोज लोकलने तासाभरात पोहोचणार, पण फोन मात्र एसटीडी. पुढे ९५ लावून स्वस्त झालं. ठाण्यापर्यंत मुंबई, आमच्याकडे वेगळं खातं. लग्नात सासरचा नंबर ०२२ आहे का, हे विचारणारी मावशी होती माझी, आणि तिचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. महिन्याचं बिल बघूनच ती बोलत होती.

आखातवासी:

मी दुबईत आहे, १९८९ पासून. मुंबईहून लंडनला थेट डायल करण्याची सोय १९७६ मध्ये झाली, पण आमच्यासारख्यांना ती परवडायला बराच काळ गेला. शुक्रवारी सुट्टी, टेलिफोन कार्ड घेऊन बूथपुढे रांग लावायची. गिरगावात आमच्या मजल्यावर एकच फोन, देसाई काकूंकडे म्हणू या, खरं नाव देत नाही. त्या बाई १४ बिऱ्हाडांचे निरोप वहीत लिहून ठेवत. माझ्या मुलीचा जन्म मला त्यांच्या आवाजात कळला. फोनचं बिल त्यांच्या नावावर, आणि फोन सगळ्या मजल्याचा.

तारायंत्र:

@शेअरवाला, @चाळकरीण, दोघांचंही पूर्ण सत्य आहे असं मी म्हणणार नाही, पण एक आकडा नोंदवतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवनाची योजना आणली आणि स्वेच्छानिवृत्ती जाहीर झाली. ३१ जानेवारी २०२० ला निगमचे १४,३८७ कर्मचारी एका दिवशी बाहेर पडले. प्रत्येकाच्या डोक्यात कुठली केबल कोणत्या फुटपाथखाली आहे याचा नकाशा होता, आणि त्यातला बराचसा कागदावर कधीच नव्हता. यंत्र विकत घेता येतं, हे नाही. १ जानेवारी २०२५ पासून मुंबई आणि दिल्लीचं कामकाज भारत संचार निगमकडे गेलंय.

जॉइंटर ३४ वर्षे:

मी त्या १४ हजारांत होतो. शेवटच्या दिवशी एमडीएफवर गेलो, जंपर वायरची कात्री परत केली, सही केली. साहेबांनी कात्री मला परत दिली, म्हणाले राहू दे. घरी आहे.

शेअरवाला:

काका, 'अपवाद' हा शब्द मी मागे घेतो. ती ताडपत्री आणि बाराशे जोड्या वाचल्यावर तसं लिहायला नको होतं. लहरींच्या किमतीचं गणित मला माहीत होतं, पण त्याच वर्षी केबलला पैसा नव्हता ही बाजू मी लक्षात घेतली नव्हती.

चाळकरीण:

आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. दोन वेळा थांबायला लावलं तिने, एकदा पोस्टाकडे धावणाऱ्या आईच्या ठिकाणी आणि एकदा कात्रीच्या.

मालवणी माणूस यांच्यासाठी तिचा निरोप: लाइन धरून ठेवताना ऑपरेटर बायका मधूनमधून "होल्ड करा, बोलावलंय" असं सांगत राहायच्या, कारण आवाज बंद झाला की पलीकडचा माणूस घाबरून ठेवून देतो. कोकणच्या कॉलला तर जास्तच वेळ द्यायच्या. चालत यायचं अंतर त्यांना माहीत असायचं.

जॉइंटर काका, पेटीचं पुन्हा पाहिलं. नऊ नंबरची जोडी आमचीच निघाली. तार सोडवून मागे काढत गेले तर ती थेट आमच्या दाराच्या चौकटीपर्यंत आली, रंगाखाली दबलेली. बाणाच्या खाली अगदी बारीक अक्षरात तारीखही आहे, पण पेन्सिल पुसट झालीय, "८/८" एवढंच दिसतं, वर्ष नाही. टॉर्च तिरका धरून वाचता येतं का, ते उद्या दिवसाउजेडी बघते. तुमच्याकडे तेव्हाच्या कुणाचं अक्षर ओळखणारं कोणी असेल तर झाकणाचा फोटो टाकते.

जॉइंटर ३४ वर्षे:

टाका ताई. आमच्या सेक्शनचे चौघे अजून रविवारी भेटतो. त्यांना दाखवतो.